पाच कोपऱ्यांची खोली

"मिस्टर क्रॅबट्री, तुम्ही दर शनिवारी जिन्यावरच्या खिडकीत उभं राहून लाल टॉवेल कोणाला दाखवता?"

विचारलं! एका दमात, न अडखळता, त्यांच्याच दारात उभं राहून! मागे कचऱ्याच्या डब्यांआड टॅमसिन आणि झारा लपल्या होत्या. झाराचं मत होतं की ते हेर आहेत. टॅमसिनचं मत होतं की समोरच्या गल्लीतल्या कुणा बाईशी त्यांचं काहीतरी चालू आहे. पैज अशी होती की मी विचारलं तर टॅमसिनने महिनाभर माझी हॉकीची बॅग उचलायची, आणि शेपूट घातली तर मी शाळेच्या जेवणघरात बदकासारखं चालत जायचं. गेल्या वर्षीची मी असते तर बदकच झाले असते. या वर्षीची मी वेगळी आहे.

मिस्टर क्रॅबट्रींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या टेपकडे, मग डब्यांकडे.

"त्या दोघींना सांग, हिरव्या डब्यात परवाचे मासे आहेत. नाकं प्यारी असतील तर निळ्यामागे बसा म्हणावं."

डब्यांमागून झाराचं "ईईई" ऐकू आलं.

"आणि ही टेप कशाला? माझ्या शवपेटीचं माप घ्यायला पाठवलंय का तुझ्या बापाने?"

आता टेप का, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

आमचं आणि मिस्टर क्रॅबट्रींचं घर खांद्याला खांदा लावून उभं आहे. मधली भिंत एकच. तिकडे ते शिंकले की इकडे मम "जपा हो!" म्हणते, आणि तिकडून "थँक यू, लोरेन" येतं. डॅडशी मात्र त्यांचं बोलणं नाही. कारण जिन्याची शेवटची पायरी.

माझा डॅड कार्पेट बसवतो. आमच्या थॉर्नक्लफ गावातल्या निम्म्या घरांत तो गुडघ्यांवर रांगलाय. मिस्टर क्रॅबट्रींच्या जिन्यावरचं फुलाफुलांचं कार्पेटही त्यानेच बसवलं, मी अगदी लहान असताना. सगळी फुलं सरळ आली आणि शेवटच्या पायरीवरचं उलटं आलं. मिस्टर क्रॅबट्री म्हणाले, फूल उलटं आहे. डॅड म्हणाला, फूल बरोबर आहे, पायरी चुकलीय. झालं. तेव्हापासून दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून माझ्यामार्फत बोलतात. "त्याला सांग, त्याची वेल माझ्या गटारात आलीय." "त्याला सांग, वेल सरळ आहे, गटार चुकलंय."

आणि आमच्या घरात मी. मी म्हणजे ब्रायनी एंटविसल, वय पंधरा, आणि आठ वर्षांच्या बहिणीबरोबर एकाच खोलीत. हेटी गोगलगायी पाळते. खोक्यात पाळते असं ती म्हणते. त्या खोक्यात राहतात असं मात्र गोगलगायींना कुणी सांगितलेलं नाही. हॉबनॉब नावाची गोगलगाय माझ्या टूथब्रशवर सापडली होती. कस्टर्डने माझ्या भूगोलाच्या वहीतलं अर्धं ब्राझील खाल्लं. सरांना हे सांगितलं तर सर म्हणाले, "एंटविसल, निदान कुत्र्याचं नाव घ्यायचंस."

हेटी जन्मली तेव्हापासून मला एक वचन आहे: मागे स्वयंपाकघर वाढवायचं आणि त्याच्यावर माझी खोली बांधायची. जिन्यावरच्या आमच्या खिडकीच्या जागी दार होणार आणि त्या दाराला आतून कडी. कडी! रात्री झोपताना मी त्या कडीचा आवाज मनात वाजवून बघते.

यंदा शेवटी ठरलं. काउन्सिलची परवानगी काढायची, त्यासाठी नकाशे द्यायचे. मम म्हणाली, आर्किटेक्ट बघूया. डॅडने चहाचा कप असा ठेवला, जणू तिने त्याच्या खानदानाचा अपमान केलाय.

"लोरेन, या गावातल्या खोल्या माझ्याइतक्या कोणी मोजल्यात? चार रेघा ओढायला परका माणूस कशाला?"

त्याने वॉलपेपरच्या गुंडाळीच्या मागच्या बाजूला नकाशा काढला. जेवणाच्या टेबलावर तो मावेना, म्हणून जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर रांगत, सवयीप्रमाणे. हेटीने छपरात रंग भरला. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ते सगळं लहान करून आणलं आणि पाठवून दिलं. मग काउन्सिलमधून मिसेस थ्रेलफॉल नावाच्या बाईंचा फोन आला. डॅडच्या हाताला गोंद लागला होता म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला. त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"मिस्टर एंटविसल, तुमच्या नकाशाप्रमाणे तुमच्या स्वयंपाकघराची भिंत शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात आहे."

"ते कापायला जास्त धरलंय."

"काय कापायला?"

"चारी बाजूंनी वीतभर जास्त धरायचं, मग बसवताना कडेकडेने कापत जायचं. कमी पडण्यापेक्षा बरं."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"घर? घर कडेने कापणार?"

डॅडने गोंदाच्या हाताने डोकं खाजवलं. ते नंतर निघता निघेना, पण तो वेगळा विषय.

"शिवाय भिंतींना जाडी नाही," बाई म्हणाल्या.

"कार्पेट भिंतीपाशी संपतं हो. भिंतीत काय करायचंय?"

"उंचीही कुठे नाही. आणि खाली लिहिलंय, 'या नकाशावरून मापे घेऊ नयेत.'"

"ते माझ्या मित्राच्या आर्किटेक्टच्या नकाशावर होतं. भारदस्त वाटतं म्हणून घेतलं."

"मिस्टर एंटविसल, आम्ही नकाशा मागवतो तो मापं घ्यायलाच. बरं, उत्तर दिशेचा बाण वर दाखवलाय तुम्ही."

"उत्तर वरच असते की!"

"तुमच्या घराची डावीकडे आहे. आणि... छपरावर हे तपकिरी काय आहे? दुसरं धुराडं?"

"ती मफिन आहे!" हेटी ओरडली. "गोगलगाय!"

मिसेस थ्रेलफॉल खूप सभ्य बाई आहेत. त्या म्हणाल्या की गोगलगायीला वेगळी परवानगी लागत नाही, पण बाकीचं सगळं नव्याने काढून पाठवा.

फोन बंद झाला. डॅड खिडकीतून बाहेर बघत बसला. ममने बिस्किटांचा डबा त्याच्यासमोर सरकवला. आणि मी माझी कडी वाजता वाजता थांबलेली ऐकली. म्हणून उभी राहिले.

"मी काढते."

"तू?" डॅड म्हणाला.

"मी."

"अगं, हे शाळेतलं चित्र नाही..."

"ग्लेन," मम म्हणाली, "तू काढलेल्या घरात आपण क्रॅबट्रींबरोबर जेवणार होतो. काढू दे तिला."

डिझाइनच्या सरांनी मला तीन धारांची पट्टी दिली, प्रत्येक धारेवर वेगळं प्रमाण असलेली. ती हातात धरली ना, की माणूस आपोआप ताठ चालायला लागतो. मी घर मोजायला काढलं. डॅडला टेपचं टोक धरायचं काम दिलं.

"भिंतीला टेकव. ओढू नकोस."

"थोडं जास्त धरू?"

"नाही, डॅड."

पुढच्या भिंतीपाशी परत, हळूच, "अगदी बोटभर?"

"डॅड!"

बिचाऱ्याला फार जड गेलं ते. भिंतींची जाडी दारांच्या चौकटीत मोजली. उंची मोजायला शिडी लागेल असं वाटलं होतं, पण सरांनी युक्ती सांगितली: एका विटेची उंची मोजायची आणि विटांचे थर मोजायचे. ते काम ममला दिलं. ती अंगणात मान वर करून मोठ्याने मोजत उभी राहिली आणि अर्ध्यावर पोचली की कुणीतरी कुंपणापलीकडून "काय गं लोरेन, छप्पर गळतंय का?" म्हणायचं. परत पहिल्या विटेपासून. शेवटी तिने लिपस्टिकने भिंतीवर खुणा केल्या. त्या अजून आहेत. लांबून घराला गोवर आल्यासारखा वाटतो.

मी मिसेस थ्रेलफॉलना स्वतः फोन केला. आवाज जाड करून सुरुवात केली, पण दुसऱ्या वाक्याला विसरले. त्यांनी सगळं नीट समजावलं. शेजाऱ्याची सगळ्यात जवळची राहत्या खोलीची खिडकी नकाशात दाखवायची, तिच्या मध्यातून पंचेचाळीस अंशांची रेघ आमच्या बाजूला ओढायची, आणि आमची नवी भिंत त्या रेघेच्या पलीकडे जाता कामा नये. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात अंधार होत नाही.

म्हणजे मिस्टर क्रॅबट्रींच्या खिडक्या मोजायला हव्यात.

"त्याच्या दारात मी मेलो तरी पाऊल टाकणार नाही," डॅड म्हणाला.

"मेलास तर टाकशील कसा?" मम म्हणाली.

म्हणून टेप घेऊन मी गेले. आणि तिकडे जातेच आहे हे कळल्यावर टॅमसिन आणि झाराने टॉवेलची पैज लावली. तर आता परत त्या दारात या.

"शवपेटी नाही," मी म्हणाले. "खिडक्या मोजायच्यात. आम्ही मागे वाढवतोय. नकाशे मी काढतेय."

"तू? तुझा बाप नाही?"

"त्याने काढला होता. तुमच्या स्वयंपाकघरात आलो होतो आम्ही."

मिस्टर क्रॅबट्रींच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते बाजूला झाले. "ये आत. बूट काढ. आणि थांब, आधी ते बघ." त्यांनी जिन्याकडे बोट केलं. "वर जाताना बघत जा. आणि शेवटच्या पायरीवर काय दिसतं ते खरंखरं सांग."

मी बघत बघत वर गेले. फूल, फूल, फूल, फूल. आणि शेवटच्या पायरीवर... मी आमच्या घराण्याशी बेइमानी केली.

"उलटं आहे."

"आ हा!" ते इतक्या जोरात ओरडले की भिंतीपलीकडून मम म्हणाली, "जपा हो!"

जिन्यावरच्या खिडकीपाशी एक आरामखुर्ची, चहाचा थर्मास, दुर्बीण, आणि दोन खिळ्यांना दोन टॉवेल: एक लाल, एक निळा. खिडकीतून आमचं अंगण तिरकं ओलांडलं की दिसतं ते बोलिंग क्लबचं मैदान. इतकं हिरवं आणि इतकं नीट कापलेलं, की डॅडला बघून दर वेळी मोजावंसं वाटतं. ते सपाट नसतं. मधे फुगलेलं असतं, उलट्या बशीसारखं. पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं छोट्या पिवळ्या गोळ्याच्या दिशेने मोठे गोळे सोडतात, आणि गोळे आपल्याला वाटेल तिकडे जातात.

"तुम्ही क्लबात का जात नाही मग?"

"मला जन्मभर बंदी आहे." हे त्यांनी असं सांगितलं, जसं लोक पदकाबद्दल सांगतात. "अध्यक्षांच्या गोळ्यात शिसं भरलेलं आहे असं माझं म्हणणं होतं. कोणी ऐकेना. म्हणून मी तो करवतीने कापला."

"अध्यक्षांचा गोळा? कापला? मग? काय निघालं आत?"

मिस्टर क्रॅबट्रींनी जरा वेळ मैदानाकडे पाहिलं.

"लाकूड."

मला हसू दाबता आलं नाही. त्यांनाही आलं नाही.

मग त्यांनी टॉवेलचं सांगितलं. मैदानाचा उतार कोपऱ्याकोपऱ्याला वेगळा आहे, आणि तो त्यांच्याइतका कोणाला पाठ नाही. कॅप्टन नॉर्मन अडला की टोपी खाजवतो. मग यांनी लाल दाखवला तर गोळा डावीकडून सोडायचा, निळा दाखवला तर उजवीकडून. अध्यक्षांची पाठ नेमकी या बाजूला असते.

"ही तर फसवणूक झाली!"

"सल्ला," मिस्टर क्रॅबट्री म्हणाले. "तोंडी नाही, एवढंच. या वर्षी लीगमध्ये वर आहोत आम्ही. उगीच नाही."

मी कामाला लागले. खालची स्वयंपाकघराची खिडकी मोजली, वरची मागच्या झोपायच्या खोलीची मोजली, मधल्या भिंतीपासून किती लांब आहेत ते लिहिलं. टेप गुंडाळायला लागले.

"ही नाही मोजायची?" ते आरामखुर्चीपाशी उभे होते.

"जिन्यावरची धरत नाहीत. जिना म्हणजे राहायची जागा नाही ना."

"मी इथंच राहतो," ते म्हणाले.

मी गुंडाळलेली टेप परत उलगडली. मग त्यांनीच विचारलं, "तुमची भिंत कुठवर येईल?"

मी खिडकीतून हात बाहेर काढून दाखवला. इथून तिथवर. बोलता बोलताच मला दिसलं की माझ्या हातामागे मैदान पूर्ण गेलंय. नुसता हात होता तरी.

"हं," मिस्टर क्रॅबट्री म्हणाले. "उजेड अडवला तर काउन्सिल ऐकतं. बघणं अडवलं तर ऐकत नाही. माहीत आहे मला. त्या गोगलगायवालीपासून सुटका, ती हीच खोली ना?"

"हो."

"मग नीट काढ. रेघा सरळ मार. बापावर जाऊ नकोस." आणि त्यांनी मला आल्याच्या केकचा एक तुकडा कागदात बांधून दिला, इतका कडक की त्याने खिळा ठोकता आला असता.

बाहेर झारा नाक धरून उभी होती. "हेर आहेत की नाही?"

"थोडेसे."

"आणि बाई?" टॅमसिनने विचारलं.

"नॉर्मन नावाचा माणूस आहे. टोपीवाला."

टॅमसिनने माझी बॅग उचलली आणि आमच्या दारापर्यंतच्या दहा पावलांत तीनदा मागे वळून मिस्टर क्रॅबट्रींच्या दाराकडे पाहिलं. विचार करत होती बहुतेक.

घरी मी नकाशा काढला, अगदी स्वच्छ. भिंतींना जाडी होती, उत्तर डावीकडे होती, छपरावर कोणीही नव्हतं. मिस्टर क्रॅबट्रींच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीतून ती तिरकी रेघ ओढली आणि ती आमच्या नव्या भिंतीच्या कडेवरून सुटसुटीत निघून गेली. पास! मी टेबलाभोवती नाचले. हेटीही नाचली. तिच्या खिशातून कस्टर्ड पडली.

मग उगीचच, निव्वळ बघायला म्हणून, मी जिन्यावरच्या खिडकीतूनही एक रेघ ओढली. हलक्या पेन्सिलने. ती माझ्या खोलीत घुसली, कपाटातून गेली, टेबलाच्या कोपऱ्यातून गेली, आणि नेमकी जिथे मी खिडकीत बसायची जागा काढली होती तिथून बाहेर पडली.

खोडली लगेच. पण पेन्सिलचा चर कागदावर राहतो. उजेडात तिरकं धरलं की दिसतो. मी नकाशा उजेडात तिरका धरायचा नाही असं ठरवलं, आणि दिवसातून कितीदा तरी धरला.

"नियमात बसतं ना?" टॅमसिन म्हणाली. "मग झालं तर."

"झालंच आहे," मी म्हणाले.

"मग तोंड असं का केलंयस?"

शनिवारी डॅडच्या डोक्यात आलं की कागदावर कळत नाही, भिंत प्रत्यक्षात केवढी होईल ते बघायचं. त्याने अंगणात लांब बांबू रोवले, वरच्या खिडकीतून दोर टाकले आणि व्हॅनमधून उरलेलं एक जुनं कार्पेट आणून नव्या भिंतीच्या जागी टांगलं, थेट वरपर्यंत. कुठल्यातरी पबचं होतं ते. जांभळं, त्यावर सोनेरी मुकुट. गल्लीच्या टोकावरून दिसत असणार.

"बघ, लोरेन! ही तुझ्या पोरीची खोली!" डॅड कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

मीही वर बघत होते. एवढी मोठी! माझी! आणि तेवढ्यात मैदानाकडे लक्ष गेलं. सामना चालू होता. पाहुणा संघ आला होता, कुंपणाला लोक टेकून उभे होते. नॉर्मन हातात गोळा घेऊन वाकलेला, आणि टोपी खाजवत होता.

तो खाजवतच राहिला. मान थोडी इकडे वळवली. जांभळं कार्पेट. टोपी काढून पूर्ण डोकंच खाजवलं. जांभळं कार्पेट.

मग आमच्या कार्पेटच्या वरच्या कडेवरून एक झाडूचा दांडा हळूहळू वर आला. त्याच्या टोकाला लाल टॉवेल बांधला होता. वाऱ्याने टॉवेल दांड्याभोवती गुंडाळला गेला. दांडा हलला, झटकला गेला, कार्पेटच्या कडेला अडकला, आणि सुटून आमच्याच अंगणात, हेटीच्या खोक्यावर येऊन पडला.

नॉर्मनने देवाचं नाव घेऊन गोळा सोडला. उजवीकडून. गोळा पिवळ्याच्या जवळपासही न जाता, आरामात, फिरायला निघाल्यासारखा मैदानाच्या कडेला गेला आणि तिथल्या चरात पडला.

सगळं मैदान आमच्या घराकडे वळलं. पाहुणे सोडून सगळे.

"ओ एंटविसल!" नॉर्मन ओरडला. "काय टांगलंय ते? काढा की!"

"माझ्या अंगणात मी काहीही टांगीन!" डॅड ओरडला. मग मला हळूच म्हणाला, "काय झालं यांना?"

अध्यक्षांची पाठ या बाजूला होती ती वळली. आता सांगणं भाग होतं. मी डॅड आणि ममला कुजबुजत सगळं सांगितलं: खिडकी, टॉवेल, डावीकडे, उजवीकडे. डॅडचा चेहरा बघण्यासारखा होता. आधी चकित, मग आनंदाने फुलत गेलेला.

"म्हणजे आपली खोली झाली, की त्याला मैदान दिसणार नाही? मुळीच?"

"मुळीच."

"आणि नियमाने त्याला काही करता येणार नाही?"

"नाही."

"फूल उलटं म्हणे," डॅड स्वतःशी म्हणाला आणि मुकुटांकडे प्रेमाने बघू लागला.

मी झाडू उचलला, टॉवेल सोडवला आणि कार्पेटच्या कडेने वर पाहिलं. मिस्टर क्रॅबट्री खिडकीत होते. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त खालून वर, वरून खाली ते कार्पेट पाहिलं.

"झाडू दारात ठेव, पोरी," ते म्हणाले. "सावकाश."

आणि आरामखुर्ची खिडकीपासून मागे ओढल्याचा आवाज आला. मधली भिंत एकच आहे. आम्हाला सगळं ऐकू येतं.

त्या दुपारी क्लब हरला. मी झाडू आणि टॉवेल पोचवला आणि घरी येऊन नव्या कागदावर वरचा मजला परत काढायला घेतला. कपाट उचलून इकडे ठेवलं, तिकडे ठेवलं. पलंग फिरवला. टेबल अर्धं केलं. खिडकीत बसायची जागा खोडायला घेतली आणि तेव्हा मात्र थोडं रडू आलं, पण रागाचं होतं ते. त्या रेघेला पेन्सिल लावली नाही यावेळी. थेट शाईने मारली.

रविवारी जेवायला भाजलेलं मटण होतं. डॅडने रस्सा ओतता ओतता विचारलं, "मग? उद्या पाठवायचा ना नकाशा?"

मी ताटं सरकवली आणि नकाशा टेबलाच्या मधोमध पसरला.

मम वाकली. "खालचं स्वयंपाकघर तेच आहे. वर मात्र... हे काय, हा कोपरा कुठे गेला?"

"कापला."

"कापला?" डॅडच्या हातातलं रश्शाचं भांडं हवेत राहिलं. "अगं, ही तर... एक, दोन, तीन... पाच कोपऱ्यांची खोली आहे! पाच कोपऱ्यांत कार्पेट कोण बसवणार? आणि कपाट?"

"मावत नाही."

"काउन्सिलने सांगितलं?"

"नाही."

"मग त्या क्रॅबट्रीसाठी? ज्याने मला गावभर..."

"डॅड, मी बघून आलेय. ते फूल उलटंच आहे."

ममने नॅपकिन तोंडावर धरला. डॅडने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रश्शाचं भांडं अगदी हळू खाली ठेवलं.

"तुला ही खोली हवी होती," तो म्हणाला. भांडणाच्या आवाजात नाही. "किती वर्षं मागतेयस. मोठी हवी होती तुला."

"अजून हवीय," मी म्हणाले, आणि खुर्ची मागे सरकवून उभी राहिले, कारण असल्या गोष्टी बसून सांगता येत नाहीत. "म्हणून नीट ऐका दोघं, मी ठरवलंय. खोली माझी, नकाशा माझा, आणि कोपरा मीच कापलाय. शाईने. कपडे मी पलंगाखाली ठेवीन. मिस्टर क्रॅबट्रींना मैदान दिसेल, नॉर्मनला टॉवेल दिसेल. पाच कोपरे डॅड बसवेल, कारण या गावात दुसऱ्या कुणाला जमणार नाही. आणि त्या पाचांपैकी एकाही कोपऱ्यात गोगलगाय येणार नाही, हेटी, एकही नाही. दाराला कडी लागणार आहे. आतून."